वेळ अमावस्येची पाहुणी

शेकोटीत दोन पऱ्हाट्या टाक रे प्रीतम, आणि ते मोबाइल खिशात घाला सगळे. परवा वेळ अमावस्या. शेतात जेवायला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवताय ना? ठरवा. पण त्याआधी गंगाखेड रस्त्यावरच्या योगीराजचं काय झालं ते ऐका. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा. मी त्याच्या ओसरीवर बसून चहा प्यालोय.

तर योगीराज गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात कोरियाला गेला. चार-पाच दिवसांचं जाणं-येणं. शेवटचा मुक्काम डोंगरातल्या एका खेड्यात. गाव कसलं, ऊसतोडीला माणसं गेली की आपली गावं दिसतात ना, तसं. तरणी पोरं शहरात, मागं म्हातारी माणसं आणि कुलपं. तिथलं जेवण आपल्या गड्यांच्या घशाखाली उतरेना. गावच्या ओमप्रकाशनं बेसन नेलं होतं. पिठलं करायचं ठरलं आणि मिरच्या आणायची कामगिरी योगीराजवर आली.

दिवस मावळत होता. गल्लीच्या टोकाला, एका घराच्या लाकडी ओट्यावर म्हातारी बसलेली. पायरीखाली तिचे पांढरे रबरी बूट, टोकं रस्त्याकडं करून ठेवलेले. पुढ्यात वाळल्या मिरच्या. योगीराजनं खाणाखुणा केल्या. म्हातारीनं ओंजळभर मिरच्या दिल्या, बळंच बसवलं, भाजलेलं रताळं हातावर ठेवलं. तो खात होता आणि ती नुसती बघत होती, आई बघते तशी. त्याला भरून आलं. निघताना तिनं त्याचं मनगट धरलं. हात थंडगार. सोडेचना.

आता आपला माणूस अशा वेळी काय म्हणतो? 'जातो' तर म्हणत नाही. योगीराज म्हणाला, "येतो माय. तुमी बी या की आमच्याकडं. वेळ अमावस्येला या, शेतात जेवायला. घरी माझी माय हाय, तुमच्याच वयाची. दोघी बसा बोलत."

म्हातारी हसली. मान हलवली. मग हात सोडला.

सकाळी तो दुभाष्याला घेऊन पुन्हा तिथं गेला, तर दाराला गंजकं कुलूप आणि अंगणात गुडघाभर गवत. दुभाष्या म्हणाला, इथली आजी वारून कैक वर्षं झाली. मुलगा शहरातून येतो येतो म्हणायचा. आला नाही. ती ओट्यावर वाट बघतच गेली.

विमानात त्याला एकच घोर, आपण बोलावून बसलो. ओमप्रकाशनं चेष्टा केली, "अरे, तिला व्हिसा कोन देनार?" पण बोलावणं म्हणजे काय निवडणुकीचा अर्ज आहे, मागं घ्यायला?

घरी कस्तुराबाई, योगीराजची आई. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं पोर वाढवलं. दारात आलेलं माणूस तिनं उपाशी कधी जाऊ दिलं नाही, आणि पाहुण्याला वेशीपर्यंत घालवल्याशिवाय ती कधी माघारी फिरली नाही. योगीराजला भीती होती ती हिचीच. आई कुणालाही ये म्हणेल, कुणाबरोबरही वेशीपर्यंत जाईल. तरी तो तिला काही बोलला नाही. आई घाबरेल म्हणाला. बोलायला हवं होतं.

वेळ अमावस्येचा दिवस नीट गेला. शेतात मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील झाली, पंगती उठल्या. अनोळखी कुणी आलं नाही. योगीराजला हायसं वाटलं. रात्री दाराला कडी घालून तो झोपला.

अकरा वाजून गेले असतील. स्वयंपाकघरात भांडी वाजली. लाइट होती बरं का, अंधार नव्हता. योगीराज उठून बघतो तर कस्तुराबाई पाटासमोर ताट वाढतेय. पाटावर कुणी नाही.

"माय, काय करायलीस?"

"हळू बोल की. पाहुनी आलीय. लय लांबून आलीय बिचारी. दिवसा शेत घावलं न्हाई म्हनं तिला."

"तिथं कुनी न्हाई, माय!"

"पाहुनीच्या तोंडावर असं बोलतेत व्हय रे?"

काय प्रीतम? भाषा कशी कळली? वाट बघणाऱ्या बायांना एकमेकींचं कळतं, बाबा.

योगीराजनं दाराकडं बघितलं. कडी तशीच होती. आत, उंबऱ्यापाशी, पांढरे रबरी बूट. टोकं बाहेर.

ताटातलं काही कमी होत नव्हतं. कस्तुराबाई बोलत होती. मधेच थांबत होती. हसत होती... मग उठली. चपला घातल्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो तिनं लाल दोऱ्यानं शिवलेला होता.

"चला बाई. वेशीपर्यंत येते घालवायला."

योगीराजनं आईचा हात धरला. घट्ट. "माय, नगं जाऊस..."

आणि त्याच्या मनगटावर... थंडगार. तीच पकड.

त्याचं एक बोट सुटलं. मग दुसरं. ओरडायला तोंड उघडलं...

आवाजच नाही.

कडी निघाली. आई बाहेर पडली. तो मागं धावला. ती चालतेय. हा पळतोय. अंतर तेवढंच. चपला वाजतात एकटीच्या... बोलणं दोघींचं.

वेशीवर सगळं थांबलं.

तिथंच मारुतीच्या पारावर कस्तुराबाई सापडली. पाठ टेकून बसलेली. गेलेली. पाय अनवाणी. चपला अख्ख्या गावानं शोधल्या, मिळाल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेत चालत आली, हृदय बंद पडलं. म्हणू देत.

यंदा दौरा परत त्याच गावी गेला. ओमप्रकाश निघाला तेव्हा योगीराजनं त्याच्याकडं उदबत्तीचा पुडा दिला. "त्या दारात लाव. म्हनावं, चुकलं आमचं." ओमप्रकाशनं लावली आणि फोटो पाठवला.

तेव्हापासून योगीराज कुणालाच 'या' म्हणत नाही. परवा त्याच्या शेतात पंगत नाही. आईला 'ये' म्हणावं, तर पाहुणीला एकटं टाकून येणं तिच्या रीतीत नव्हतं, तिलाही घेऊनच येणार. 'येऊ नको' म्हणावं, तर जीभ उचलत नाही. नुसता फोटो धरून बसतो.

मी त्याच्या हातातनं घेऊन पाहिला. कुलूप, गवत, पायरी. पायरीखाली पांढरे रबरी बूट. शेजारी चपला, एकीच्या अंगठ्याला लाल दोरा.

दोन्ही जोडांची टोकं रस्त्याकडं होती.