नानीचा वाफा कुणी पळवला?

"मे निम्मा संपला, एकही कोंब नाही!" अलफिया वाफ्याभोवती येरझारा घालत होती.

येरवड्यातल्या त्यांच्या सोसायटीत, इमारतीच्या मागे तिच्या नानीचा वाफा होता. त्यातले फुटबॉल लिलीचे कंद थंडीत मातीखाली गडप व्हायचे आणि दर मे महिन्यात चेंडूसारखी लालभडक फुलं घेऊन वर यायचे. नानीच्या आईची तेवढीच आठवण उरली होती. नानी रोज सकाळी विचारायची, "आले का गं?" अलफियाला अगदी रडू यायचं.

"माती वीतभर खाली गेलीये!" तिचा मित्र प्रज्ञेश ओरडला.

"कुणीतरी उचलली!" मैत्रीण चैताली म्हणाली. "अलफिया, तुम्ही घरचे सगळे लोणी गावाला लग्नाला गेला होतात ना जानेवारीत? तेव्हाच!"

माती शोधत तिघं सुटलेच! पार्किंगच्या कडेला नव्या मातीचा भराव होता. गाड्या धुवायच्या नळाखाली, ओल्या मातीतून एक लाल टोक डोकावत होतं.

"सापडले!"

"सरका रे!" सेक्रेटरी संजयकाका पेव्हर ब्लॉकचा टेम्पो घेऊन आले. "आत्ता ब्लॉक बसवायचेत."

"काका, खाली कंद आहेत!"

"सुट्टी लागली की तुम्हाला बरे उद्योग सुचतात!" म्हणत काका कामगारांना बोलवायला गेले.

आता? काकांना पाट्यांचा भारी शौक. चैतालीने खोकं फाडलं आणि भरावात पाटी रोवली: 'येथे नानींचे कंद झोपले आहेत. ब्लॉक टाकण्याची हौस असल्यास आधी स्वतः खाली झोपून पाहावे.'

बघता बघता गर्दी जमली. नानीही आली.

"कुणाचा हा आगाऊपणा?" काका कडाडले.

"पाटीचं सोडा हो काका," प्रज्ञेश साळसूदपणे म्हणाला. "भराव झकास झालाय! माती विकत आणली?"

काका फुलले. "छे! मागच्या रिकाम्या वाफ्यातली. फुकटात काम!"

सगळे नानीकडे बघू लागले.

"रिकामा नव्हता, बेटा," नानी हळूच म्हणाली. "झोपला होता."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी कुदळ उचलली.

"कुदळ नको," नानीने अडवलं. "कंद कापले जातील. हाताने काढ."

इस्त्रीच्या पँटीत काका मातीत बसले! दुपारपर्यंत कंद वाफ्यात परतले. डोकावणारा कोंबही मातीच्या गोळ्यासकट अलगद आला.

"शाबास पोरांनो," काका हात झटकत म्हणाले. "इतकी वर्षं पाट्या लावतोय, कुणी वाचत नाही. तुमची मात्र मलाही वाचावी लागली!"

पुढे चार दिवस अलफियाला चैन नव्हतं. मातीतून हलवलेला कोंब जगेल का?

पाचव्या सकाळी नानीने काही विचारलंच नाही. तिने अलफियाची चादर ओढली.

"ऊठ गं! फूल आलं!"