डावं पुढचं चाक

दिवा जरा बारीक करा. नको, विझवू नका. एवढा असू द्या.

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. गाड्या दुरुस्त करायचा. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो, कारण बिघाड शोधायला त्याला गाडी उघडावी लागत नसे. शेजारच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि दोन वळणं झाली की म्हणायचा, "मागच्या उजव्या टायरात खडा अडकलाय." उतरून बघावं तर खडा! असा कान.

बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलती एक लेक बाळंतपणाला बापाकडे आली होती. जावई जहाजावर. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून तीन आठवडे होते, त्यामुळे दोघं निवांत होती.

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटं. लेकीनं मधल्या भिंतीवर थाप मारली. कानसेन गेला तर ती पलंगाचा काठ धरून उभी, आणि फरशीवर रक्त.

अँब्युलन्सवाले म्हणाले, दीड तास लागेल. मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला तर नर्स म्हणाली, "काका, वाट बघत बसू नका. असेल त्या गाडीत घाला आणि तासाच्या आत इथं आणा."

त्यानं लेकीला मागच्या सीटवर आडवं केलं, अंगावर गोधडी टाकली आणि निघाला. गाडीची चिंता नव्हती. पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं रविवारीच नवी घातलेली, स्वतःच्या हातानं.

बारा किलोमीटर झाले. वस्ती मागे पडली. आणि मग तो आवाज आला.

घूंऽऽ... घूंऽऽ...

आधी वाटलं, रस्ता खडबडीत असेल. पण डांबर तर गुळगुळीत होतं. त्यानं वेग वाढवला. आवाज चढला. कमी केला. उतरला. गाडी क्षणभर न्यूट्रल केली. आवाज तसाच. म्हणजे इंजिन नव्हे, गिअर नव्हे. ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. फरक नाही. राहिलं चाक. मोकळ्या रस्त्यावर त्यानं गाडी जराशी डावीकडे झुकवली. आवाज दबला. उजवीकडे झुकवली. भार डाव्या चाकांवर गेला, आणि आवाज शेजारच्या सीटखालून घुमला.

डावं पुढचं चाक. बेअरिंग.

त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. बेअरिंग नवं होतं म्हणून नव्हे. हाच आवाज त्यानं आधी ऐकला होता म्हणून.

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी एक टॅक्सीवाला आला होता. "बघा ना जरा, डावीकडून घूंघूं येतंय. रात्री लांबचं भाडं आहे." कानसेननं एक चक्कर मारली, खाली उतरला आणि म्हणाला, "टायरचा आवाज आहे. जा बिनधास्त." त्याच रात्री मोठ्या उतारावर टॅक्सीचं चाक जाम झालं आणि गाडी दरीत गेली. टॅक्सीवाला जागच्या जागी गेला. लोक म्हणाले, डुलकी लागली असेल. कानसेनला कुणी विचारलं नाही. त्यानंही कुणाला सांगितलं नाही.

"बाबा," मागून लेक म्हणाली, "कोण कण्हतंय?"

"चाक आहे बाळा. तू पडून राहा."

"चाक असं कण्हतं?"



शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली. टॉर्च काढली. चाकाला हात लावला. थंडगार. बेअरिंग गेलं असतं तर हात भाजला असता. वरून-खालून धरून हलवलं. तसूभर हललं नाही. एक एक नट चाचपला. सगळे आवळलेले.

"बाबा, थांबू नका हो... फार जातंय..."

तो पळत येऊन बसला. गाडी सुरू केली. घूंऽऽ...

एक वाजून सोळा मिनिटांनी तोच मोठा उतार लागला. समोर दूर खाली गावाचे दिवे दिसत होते. तिथंच हॉस्पिटल. पंधरा मिनिटांचा रस्ता.

आणि गाडी मंदावायला लागली.

त्यानं पाय दाबला. साठ. चाळीस. अजून दाबला. इंजिन ओरडत होतं. पंचवीस. दहा. गाडी उभी राहिली.

उतारावर, पोरांनो. न्यूट्रलला. हँडब्रेक खाली. एखादं पोरगंसुद्धा ढकलेल अशा जागी. तो खाली उतरला, दाराला खांदा लावला. पाय घसरले. तळवे सोलले. गाडी ढिम्म.

इंजिन त्यानं बंद केलं होतं. चाक फिरत नव्हतं.

आवाज चालूच होता.

घूंऽऽ... घूंऽऽ...

"बाळा?" त्यानं हाक मारली.

"..."

"बोल गं काहीतरी!"

काही नाही. फोनला रेंज नाही. मागेपुढे एक गाडी नाही. त्यानं तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. बारीक.

मग तो चाकापाशी गेला. गुडघे टेकले. तिथं कोण आहे हे त्याला आता कळलं होतं.

"टायर नव्हता तो," तो म्हणाला. "बेअरिंग होतं. मी ओळखलं होतं रे. पहिल्याच वळणाला ओळखलं होतं. दिवसभर राबलो होतो. शटर अर्धं ओढलं होतं. कंटाळा आला होता मला... म्हणून बोललो. फक्त कंटाळ्यापायी."

आवाज थांबला.

एवढी शांतता त्यानं जन्मात ऐकली नव्हती. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

"मला ने," तो म्हणाला. "आत्ता ने. पण तिनं तुझं काय केलंय?"

...

...

टक्.

गाडी हलली. आपोआप. तो धडपडत उठला, दार धरून आत पडला. चावी फिरवली. इंजिन लागलं. खालच्या गावापर्यंत चाकानं हूं की चूं केलं नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी नात झाली. बराच वेळ रडली नाही. मग रडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं झाली असती, तर दोघींतली एकही हाती लागली नसती."

उजाडल्यावर तो नातीला बघायला आत गेला नाही. विचारत विचारत, पायी, टॅक्सीवाल्याच्या घरी गेला. त्याच्या बायकोनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर उभा राहून यानं सगळं सांगितलं. टायर, बेअरिंग, शटर. ती ऐकत राहिली. शिवी नाही, शाप नाही, रडणं नाही. ऐकून झाल्यावर तिनं दार लावून घेतलं. मला म्हणायचा, "थोबाडीत मारली असती तर निदान झोप तरी लागली असती."

त्यानंतर त्यानं कुणाच्या गाडीचा आवाज ऐकला नाही. गॅरेज बंद केलं. लेक-नात सुखरूप आहेत, पण त्यांना गाडीत बसवून तो पुन्हा कधी कुठं गेला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यानं हॉस्पिटलच्या आवारात गाडीला जॅक लावला. निरोप मिळून मी तोवर पोचलो होतो. सोळा तास गाडी जागची हलली नव्हती. डावं पुढचं चाक काढलं. बेअरिंग फिरवून पाहिलं. नवंकोरं, मुकं. मग त्यानं चाक उलटं करून जमिनीवर ठेवलं.

आतल्या बाजूला ब्रेकची काळी भुकटी बसते. चाक काढल्याशिवाय तिथं हात पुरा पोचत नाही. त्या काळ्यात एक पंजा उमटला होता. पाचही बोटं फाकलेली, मनगटापर्यंत स्पष्ट. चाक घट्ट धरून ठेवल्यासारखा.

कानसेननं माझं मनगट पकडलं आणि माझी बोटं त्या ठशावर टेकवली.

चाकाचं लोखंड गार होतं.

ठसा कोमट होता.