गेममधून काढलेला आवाज

खोलीत तीन टॅब, तीन मुलं, एक कॅमेरा, बालवाडीच्या बाई आणि माझा मावसभाऊ. सकाळचे सव्वाअकरा. हे आकडे त्याच्या वहीतून जसेच्या तसे उतरवलेत. पुढचंही तसंच घडलंय. पटवून घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मावसभाऊ लहान मुलांच्या रेल्वे-गेमला आवाज बसवतो. गाडी स्टेशनात येते आणि एक आवाज विचारतो, "किती डबे जोडू?" मूल चित्रातले डबे मोजून सांगतं. गेम बनवताना हे लोक आधी घरातल्याच कोणाचा तरी आवाज तात्पुरता टाकतात. त्याने ठमीचा टाकला. त्याची मुलगी, साडेपाच वर्षांची. तो बदलायचा राहून गेला आणि गेम घरोघर पोचला.

मग तापाचं निमित्त झालं आणि ठमी गेली.

वहिनीला तो आवाज कुठेही गाठायचा. जिन्यात. दवाखान्यात. शेजारच्या खिडकीतून...

"तेवढा काढ रे," ती म्हणाली. दूध संपलंय म्हणून सांगावं, तशी.

त्याने काढला. त्या जागी तीन सेकंदांची रिकामी फाइल टाकली. नवा आवाज नंतर भरायचा होता. आज बालवाडीत मुलांसमोर फक्त चित्रं नीट चालतात का, ते पाहायचं होतं.

"गाडी मुकी आहे म्हणे आज? साउंडवाले झोपले वाटतं!" बाईंनी टोमणा मारला.

पहिल्या टॅबवर गाडी आली.

शांतता...

"चार!" मुलगा ओरडला.

बरोबर होतं. चित्र पाहून मोजले असतील.

दुसरा टॅब. शांतता...

"सहा!"

तिसऱ्या टॅबवरच्या मुलीने डबे मोजलेच नाहीत. मान तिरकी करून ती नुसती बसून राहिली...

"काय गं चिमणे, मोज की!"

"थांबा ना बाई, ती बोलतेय." मग ती टॅबकडे वळली. "माझी आई ऑफिसात असते. तुझी कुठेय?"

बाई हसल्या. मावसभावाने टॅब ओढून घेतला आणि फाइल उघडून पाहिली.

आवाजाच्या आलेखात सरळ रेघ. कुठे एक टोकही वर आलेलं नाही.

घरी जाऊन त्याने वहिनीला सगळं सांगितलं. लपवायलाही अंगात जोर लागतो.

"दे इकडे."

तिने ओट्यावरच टॅब टेकवला. तो बाजूला उभा राहिला. दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने टॅबला वायर लावून आवाज मोजायचा मीटर जोडला.

गाडी आली.

शांतता...

वहिनी खाली वाकली.

"इथेच आहे गं मी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात."

डब्यांचा आकडा कोणी सांगितला नाही तर गाडी तीस सेकंदांनी आपोआप सुटते. गेम तसाच बनवलाय.

त्या दिवशी गाडी स्टेशनात थांबली : बेचाळीस मिनिटं.

टॅबमधून बाहेर आलेला आवाज : शून्य.