तिसरी फेरी

"गाडी चुरा रही हैं क्या, मॅडम?"

वल्लरी दचकली. ती एका परक्या गाडीच्या मागच्या काचेशी गुडघे टेकून बसली होती. नाक काचेला टेकायचंच बाकी होतं आणि हातात मोबाइलचा टॉर्च. वर तिसऱ्या मजल्यावर जयपूरच्या विद्याधर नगरातल्या मराठी बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमल्या होत्या. गच्च्यागच्च्यांवरून 'वो काटा'चा गलका चालला होता आणि आभाळात बोट ठेवायला जागा नाही इतके पतंग. आईला "आलेच" सांगून ती खाली सटकली होती, कारण येताना तिनं पार्किंगमध्ये ही लाल सेडान पाहिली होती.

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं.

"ओह... मराठी?" मागे उभा असलेला तरुण हसला. त्याच्या बोटांवर मांज्यानं कापल्याच्या खुणा होत्या. "मग मराठीत विचारतो. तुम्ही काय करताय... मतलब, तिथे खाली?"

"वय बघतेय."

"माझं?"

"गाडीचं!" ती उठायचं सोडून त्यालाच खाली बसायची खूण करू लागली. "हे बघा. काचेच्या कोपऱ्यात हा आकडा आहे ना, तो काच कुठल्या सालची ते सांगतो. बाजूच्या टिंबांवरून महिना कळतो. तुमच्या सगळ्या काचा चौदा सालच्या आहेत. फक्त ही मागची डावी एकोणीसची. कुणी फोडली?"

तो बघतच राहिला. काचेकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा काचेकडे. जणू घरातल्या मांजरानं आज अचानक तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलं होतं.

"मी," तो हळूच म्हणाला. "माझ्याच सिक्सरनं. बाबांना आजपर्यंत माहीत नाही."

"विकणार?"

"ही? कधीच नाही."

"मग माझे गुडघे उगाच मळले," म्हणत तिनं गुडघे झटकले आणि रुमालातली तिळाची वडी मोडून अर्धी त्याच्यापुढे केली.

त्याचं नाव निनाद. डॉक्टर आईबाबांचा मुलगा, जन्म जयपूरचा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. वल्लरी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून झालान्यातल्या एका प्रयोगशाळेत लागली होती. मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे मोजणं तिचं काम. पगारातून घ्यायची पहिली गाडी तिनं केव्हाच ठरवली होती. हीच, वेगासाठी जन्मलेली सेडान. कंपनीनं ती बनवणं थांबवलं होतं, त्यामुळे जुनीच घ्यायची होती. प्रश्न एकच होता... कुठल्या सालची?

"चौदाची हलकी," ती बोटांवर मोजत सांगायची. "स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालतं, म्हणून रस्ता हाताला कळतो. पण गिअरबॉक्स नाजूक. सोळात गिअरबॉक्स सुधारला, स्टीअरिंग मात्र जुनंच ठेवलं. अठराची सगळ्यात ताकदवान, पण वजन वाढलं आणि स्टीअरिंग विजेवर गेलं."

"म्हणजे सोळाची."

"कागदावर. कागदावर कुणी गाडी चालवतं का?"

शहरात ही गाडी कुणाकुणाकडे आहे ते निनादला तोंडपाठ होतं. "दाखवू का?" त्यानं विचारलं, आणि रविवार सुरू झाले. एका रविवारी दुर्गापुऱ्यात पांढरी. तिचे सीटबेल्ट नवे निघाले. "ही कुठंतरी जोरात आदळलीय," वल्लरी म्हणाली आणि मालकाचा चहा न पिता निघाली. पुढच्या रविवारी राखाडी. तिच्या चार टायरांवर चार वेगळी सालं. प्रत्येक वेळी निनाद तिच्या शेजारी वाकून बघायचा आणि थक्क होऊन म्हणायचा, "हे पण कळतं?" परतताना कचोरी व्हायची.

"तू मला अजून तुम्ही का म्हणतोस रे?" तिनं एकदा विचारलं.

"जयपूर आहे हे. आम्ही कबुतरांना पण आप म्हणतो."

ती हसली खरी. पण त्या रात्री तिच्या लक्षात आलं की आज पाहिलेली निळी गाडी तशी बरी होती. तिनं ती एका ओरखड्यासाठी नाकारली होती. गाडी मिळाली की शोध संपणार. शोध संपला की रविवारही... पुढचं वाक्य तिनं मनातल्या मनातच पुरं होऊ दिलं नाही.

मग एका शनिवारी निनादचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या शेषरावकाकांची सोळाची आणि मित्राची, संग्रामची, अठराची, दोन्ही निर्दोष आणि दोन्ही विकायच्या. उद्याच ठरवायला हवं होतं.

"मग चाचणी घेऊ," वल्लरी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला. "माझे डोळे बांधलेले. तुझी लाल गाडी तुलनेसाठी धरून तीन फेऱ्या. रस्ता तोच, वेग तोच. कुठली गाडी कधी ते सांगायचं नाही. मी फक्त गुण देणार. चालवायचं तू, पण बोलायचं नाही."

"अजिबात?"

"खोकायचंसुद्धा नाही."

रविवारी झालान्याची कार्यालयं बंद होती. आभाळ भरून आलं होतं. थंडीत असा पाऊस आला की इथले लोक त्याला मावठ म्हणतात आणि खूश होतात. वल्लरीनं लहरियाची ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली. सीटच्या कापडावरून गाडी ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक गाडीत तीच जुनी चादर अंथरायची, हेही ठरलं होतं.

पहिली फेरी. डोंगराच्या कडेनं, 'घाट की गुणी' नावाच्या बोगद्यातून आग्रा रस्त्यापर्यंत आणि परत. तिनं गिअरचा हिसका टिपला, पायाखालची थरथर टिपली. "सहा."

दुसरी फेरी. गिअर लोण्यासारखे पडत होते, वळणावर गाडी जराही डगमगली नाही. "आठ."

तिसऱ्या फेरीला बराच वेळ लागला. ती भिंतीवर बसून राहिली. ही शेवटची, तिला वाटलं. दार उघडलं. चादर. इंजिनाचा खर्ज. आणि टपावर पहिले थेंब.

पाऊस वाढत गेला... आणि एकदम थांबला. बोगदा! सगळं जग बाहेर राहिलं आणि इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून चहूबाजूंनी परत आला. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी एकच सूर धरावा आणि दगडांनी तो उचलावा, तसा. तिच्या अंगावर काटा आला. लोखंड, तेल आणि ठिणगीतून हे निघू शकतं? तिला सगळी समीकरणं येत होती, तरीही तिनं श्वास रोखून धरला. बोगदा संपला आणि पाऊस पुन्हा धपकन टपावर कोसळला. कुठंतरी मोर ओरडला. गाडी हळू झाली, थांबली. पुढून काहीतरी रस्ता ओलांडत असणार. निनाद बोलला नाही. पण तो हसतोय हे तिला अंधारातही दिसलं. ओल्या मातीचा वास, शेजारी कुणाचा तरी श्वास, आणि पायाखाली सबंध डोंगर गुरगुरतोय असं इंजिन. आपण मोजायचं कधी विसरलो, हे तिला कळलंच नाही.

गाडी परत येऊन थांबली.

"दहा," ती कुजबुजली आणि तिनं ओढणी सोडली. "अठराची इतकी..."

बोनेट लाल होतं.

"संग्रामचा सकाळीच फोन आला," निनाद स्टीअरिंगकडे बघत म्हणाला. "त्याची गाडी काल विकली गेली. ही माझीच. पहिल्या फेरीची."

तीच गाडी. तोच रस्ता. सहा आणि दहा.

"म्हणजे एकच वस्तू मला दोनदा मोजायला लावलीस?" तिचे डोळे चमकले. "न सांगता? अरे, चाचणी अशीच घेतात!"

"नाही हो, तेवढा हुशार नाही मी." त्यानं मान हलवली. "दोन फेऱ्यांत संपलं असतं. तुम्ही सोळाची घेतली असती आणि... मग पुढच्या रविवारी मी काय केलं असतं? मला एक फेरी जास्त पाहिजे होती. बस."

काचेवरून पाणी ओघळत होतं.

"आमच्याकडे," वल्लरी म्हणाली, "वस्तू तीच असून माप बदललं, तर दोष मोजणाऱ्या यंत्रात शोधतात."

"सापडला?"

"हं."

"कधीपासून बिघडलंय?"

"संक्रांतीपासून."

तो हसला नाही. काचेवरचा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बघत होता, तसाच तिच्याकडे बघत राहिला.

"सोळाची घेणार मी," तिनं घाईघाईनं डोळे पुसत जाहीर केलं. "ते आठ गुण खरे आहेत. पण आता उतर. इकडे येऊन बस." जागा बदलताना दोघंही भिजली. तिनं ओढणी त्याच्या डोळ्यांवर बांधली, मागे गाठ मारली आणि हात जरा जास्तच वेळ तिथं राहू दिला. "आता मी चालवते. गुण तू द्यायचे. खरे खरे."

"दहा."

"अरे, अजून चावी फिरवली नाही मी!"

"मग फिरव ना," तो म्हणाला, 'तुम्ही' पार विसरून.