एक्केचाळिसावी नोंद

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण जे झालं ते माझ्याच बाबतीत झालं. रविवारी, दुपारी चार वाजता, आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. बाहेर लख्ख ऊन होतं.

आमचं काम तसं साधं. आपल्या मातीतल्या रानझाडांचे फोटो, कागदावर चिकटवलेले वाळके नमुने आणि ती झाडं ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज कॉम्प्युटरवर जपून ठेवायचे. माणसं जातात, झाडंही जातात. नावं तरी राहावीत.

माझी आत्या अशा माणसांपैकीच एक. ऑफिसच्याच रस्त्याच्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. कुठला पाला कशावर, कुठलं फूल कोणत्या गाण्यात, सगळं तिला तोंडपाठ. तिच्याकडून मी चाळीस झाडं रेकॉर्ड केली. मी लहानपणापासून घुमा, म्हणून ती मला मुक्या म्हणायची.

"मुक्या, नुसतं बटण काय दाबतोस? जरा बोल की माझ्याशी."

मी हसायचो आणि बटण दाबायचो.

ऑफिसात आलो की कापाकापी. नाव आणि उपयोग तेवढा ठेवायचा, बाकी फापटपसारा काढायचा, असा नियम. तिचं लंगडं स्टूल टकटक वाजायचं, ते काढलं. "जेवलास का?" काढलं. "परत कधी येशील?" तेही काढलं. चाळीस वेळा काढलं. मूळ फाइली जागा अडवतात म्हणून पुसून टाकल्या.

एक्केचाळिसावं झाड राहिलं होतं. तिच्या मागच्या भिंतीवरचा वेल. बोटाएवढी पांढरी फुलं. आमच्या एकाही पुस्तकात तो नाही.

"ह्याचं नाव घाईघाईत नाही सांगायची मी," आत्या म्हणाली होती. "सवडीने ये. समोर बस. मग सांगते."

दर रविवारी चारला तिचा फोन यायचा.

"येतोस ना रे?"

"पुढच्या रविवारी नक्की येतो."

असे अकरा रविवार गेले.

बाराव्या रविवारी फोन आलाच नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

सोमवारी तिच्या शेजारणीने कळवलं. आत्या मागच्या दारापाशी स्टुलावर बसल्या बसल्या गेली होती.

तिच्यासमोर एक खुर्ची मांडलेली होती... रिकामी.

महिन्याभरात घरमालकाने ती भिंत पाडली. वेलही गेला. मी ढिगाऱ्यात हात घालून शोधलं. एक पानसुद्धा मिळालं नाही.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "एक्केचाळीस नंबर रिकामाच दिसतोय. उडवून टाका." आठवडाभर माझा हात धजावला नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी, कुणी नसताना, जाऊन बसलो. नोंद उघडली.

ती रिकामी नव्हती.

आत आवाजाची एक फाइल होती. तीन मिनिटांची.

मी हेडफोन लावले. आधी काहीच नाही. नुसती शांतता... मग...

टक.

टक.

लंगडं स्टूल.

म्हटलं जुनी फाइल असेल, पुसायची राहिली असेल. तेवढ्यात आत्याचा आवाज आला.

"आलास? बस."

खुर्ची सरकली... कुणीतरी बसलं...

"आलो गं आत्या. आज घाई नाही. तू जेवलीस का?"

तो आवाज माझा होता.

मी तिला हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

आत्या खळखळून हसली. "मुक्याला वाचा फुटली की!"

मग दोघं बोलत राहिले. तिचा गुडघा. शेजारणीची मांजर. माझ्या वडिलांच्या लहानपणीच्या खोड्या. मी एकामागून एक विचारत होतो, ती सांगत होती. मग मी म्हणालो, "आणि वेलाचं?"

"सांगते रे. आत्ताच तर आलास."

फाइल संपली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना ऐकवली. वाटलं, त्यांना काही ऐकू येणार नाही. पण त्या हसल्या. "किती छान बोलता हो तुम्ही! इथे तर तोंड उघडत नाही."

तोवर ती फाइल पाच मिनिटांची झाली होती.

आता नऊ तासांची आहे. दर रविवारी चारनंतर वाढते. मी सगळी ऐकतो. नोंदीसाठी म्हणून ऐकायला लागलो होतो. आता खोलीवर परतल्यावर मला जेवलास का विचारणारं कुणी नाही, म्हणून ऐकतो. वेलाचं नाव अजून आलेलं नाही. आणि त्यातला मी एकदाही उठून गेलेला नाही.

गेल्या रविवारी स्टूल वाजलं... आणि आत्याने विचारलं,

"आणि तो दुसरा? तो नाही आला?"

माझाच आवाज म्हणाला,

"नाही गं. पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणालाय."

आज शनिवार आहे.