तीन पानांचं घर

सकाळी नऊ वाजता ठोसरांनी पिशवीतून पाल काढली आणि कुमुदिनी वैरागड्यांच्या बैठकीच्या भिंतीला चिकटवली. यंत्राचं सरकारी नाव 'गृहवेध' होतं, पण अमरावतीत ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. वीतभर लांब, राखाडी, चार मऊ पायांवर भिंत चढणारं ते यंत्र पाहून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला पाल म्हटलं आणि तेच रूढ झालं. घर विकायचं तर आता आधी पालीचा दाखला लागे. ती छतापासून जोत्यापर्यंत फिरे, भिंतींची ऊब, ओल, रंगातून सुटणारी बाष्पं आणि कोंडलेल्या हवेतला कर्बवायू मोजे, आणि निसर्गाला किती कमी त्रास देतं ते पाहून घराला एकपासून पाचपर्यंत पानं देई. तीन पानं मिळाली की घर राहण्यासाठी विकता येई. कमी मिळाली तर ते पाडकामाच्या यादीत जाई आणि खालची जागा तेवढी विकली जाई.

"दोन तास दारं-खिडक्या बंद," ठोसर म्हणाले. ते गृहवेध खात्याचे परीक्षक होते, पंचेचाळिशीचे, बोलण्यात मोजके. "आत कोणी जायचं नाही, काकू."

"घर माह्यं, अन् बाहेर बस म्हणून सांगतात हे," असं पुटपुटत कुमुदताईंनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्या ओट्यावर जाऊन बसल्या.

ओट्यावर अस्मिता तायडे आधीच येऊन बसली होती. घर तिला हवं होतं. ती रुग्णालयात परिचारिका होती, आणि तिचे सासरे अर्धांगवायूनंतर वर्षभर चौथ्या मजल्यावरच्या खोलीतून खाली उतरले नव्हते. इथे पायरी एकच होती आणि अंगणात कडुनिंब होता. कुमुदताईंना गुडघ्यांमुळे वर्ध्याला लेकीकडे जायचं होतं. घर मात्र त्या घर म्हणूनच विकणार होत्या. यवतमाळच्या एका बिल्डरने नुसत्या जागेसाठी तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी तो आपटून ठेवला होता.

महिन्यापूर्वी 'घर सजवून देणारा' एक माणूसही येऊन गेला होता. सागवानी दारं काढून बांबूच्या फळ्या, शहाबादी फरशी उचकटून शेवाळाच्या लाद्या, भिंतींना नवा जैविक रंग. पाच पानांची हमी, असं तो म्हणाला. कुमुदताईंनी विचारलं, "काढलेलं सामान कुठं जाईन?" तो म्हणाला, "त्याची काळजी नको, आमचा ट्रक येतो." "मंग पाल ट्रकात बी जाते काय मोजाले?" यावर तो हसला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

चौतीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढलेली बाई होती ती. आकड्यांवर तिचा भारी विश्वास, आकडा सांगणाऱ्यावर बेताचा. धडधाकट दारं फेकून देऊन वर पर्यावरणाचं नाव घ्यायचं, हे तिच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. मग कुमुदताईंनी घर आपल्या पद्धतीने तयार केलं. दारं रिठ्याच्या पाण्याने धुतली आणि त्यांना जवसाचं तेल चोळलं. फरशी राखेने घासली, पितळी कड्या चिंचेने. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या. शेवटी, कालच, पिंपात कळीचा चुना विरवून, गाळून, चिमूटभर नीळ टाकून अंबाडीच्या कुंच्याने भिंतींना दोन हात दिले. खालचे त्यांनी, स्टुलावर चढून वरचे अस्मिताने. घरी कोणी येणार असलं की आदल्या दिवशी चुना मारायचा, ही त्यांच्या आईची रीत होती आणि त्या सगळ्या भागाचीच होती.

अकरा वाजता कुलूप उघडलं तेव्हा पालीच्या शेपटीवर लाल ठिपका लुकलुकत होता.

ठोसरांनी हातातल्या डिजिटल पाटीवर वाचलं. "ऊब, पाच पानं. बाष्प, पाच. ओल, चार." अस्मिताचा चेहरा उजळला. "कर्बवायू..." ते थांबले. "बाहेरच्या हवेपेक्षा कमी. मोजणी अमान्य. छेडछाड."

"म्हणजे काय?"

"बंद घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्वच्छ होऊ शकत नाही, काकू. फार तर तितकीच राहील. लोक कपाटात वायू शोषणाऱ्या गोळ्या लपवून ठेवतात. पालीला ते बरोबर कळतं."

"कपाटं उघडून पाहा ना मंग."

"नियमात नाही ते. छेडछाडीचा शिक्का लागला की घर थेट पाडकामात जातं."

  आयुष्यात कुमुदताईंना आळशी म्हणून कोणी बोललं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. मोजमापात लबाडी केली हे ऐकून घेणं त्यांना जमणारं नव्हतं.  त्यांनी ठोसरांना बाहेर काढलं, फळीवरच्या दोन काचेच्या बशा उचलल्या, दार ओढून घेतलं आणि परत कुलूप लावलं.

"काकू, पाल आत राहिली."

"राहू द्या. शिक्का माराले तुमाले संध्याकाळपर्यंत वेळ असते, मी वाचलं हाय. तवरक बसा इथं."

अंगणात झाकून ठेवलेल्या पिंपातला उरलेला चुना रात्रभरात तळाशी बसला होता आणि वर काचेसारखं स्वच्छ पाणी आलं होतं. कुमुदताईंनी ते अलगद त्या दोन बशांत ओतलं. "ही चुन्याची निवळी. शाळेत नळीनं फुंकर मारली होती का हिच्यात?"

"मारली होती," ठोसर नाइलाजाने म्हणाले. "दुधाळ होते."

"श्वासातल्या कर्बवायूनं. हवेतल्यानं बी होते, फक्त सावकाश. एक बशी ओट्यावर ठेवा, एक आत. तुमच्याच हातानं ठेवा, नाहीतर मंग म्हणसान बाईनं काही केलं. अन् आत जाताना श्वास रोखा."

ठोसर, सरकारी परीक्षक, श्वास रोखून आत गेले आणि तांबडेलाल होऊन बाहेर आले. अस्मिताला एवढ्यातही हसू फुटलं. मग तिघंही ओट्यावर बसून राहिले. तासाभराने ओट्यावरच्या बशीवर पांढरी, पातळ साय धरली. बोट लावलं तर ती तडकली. कुमुदताईंनी कुलूप काढलं. आतल्या बशीत तळावरची नक्षीची फुलं दिसत होती, इतकं पाणी नितळ होतं.

ठोसरांनी आतली बशी आणून ओट्यावरच्या बशीशेजारी ठेवली.

"गोळ्या नाहीत, काही नाही," कुमुदताई म्हणाल्या. "ओला चुना वाळताना हवेतला कर्बवायू घेते अन् त्याचा दगड होते. महिनाभरानं मोजलं असतं तं तुमच्या पालीले काही समजलंच नसतं. माह्यी चूक एवढीच, की तुम्ही येणार म्हणून मी काल चुना मारला."

"पण भट्टीत चुनखडी भाजताना हाच वायू सुटतो ना?"

"सुटते. अन् लाकडाचा धूर होते तो अलग. चुना काही देव नाही. पण निदान सुटलेला परत घेते. तुमच्या रंगाच्या डब्यानं काही परत घेतल्याचं ऐकलं काय कधी?"

 ठोसरांनी पालीला शिकवणाऱ्यांचा विचार केला. कंपन्यांनी सजवलेली हजारो घरं तिला दाखवली होती. त्यांतल्या एकाही भिंतीला चुना नव्हता. मग त्यांना दुसरंच काही आठवलं आणि ते ओट्याच्या कडेवर टेकले.

"काकू, दोन महिन्यांत जुन्या वस्तीत मी चौदा घरांना हा शिक्का मारला. मला वाटलं, गोळ्या विकणारी टोळी आहे." त्यांनी मागे वळून बैठकीच्या भिंतीकडे पाहिलं. "सगळ्यांच्या भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या."

आत भिंतीवर पालीने जागा बदलली, त्याचा बारीकसा आवाज आला.

"तुमचं मी आत्ता करतो," ठोसर घाईने म्हणाले. "विशेष बाब म्हणून हाताने नोंद करता येते. चार पानं. आज दाखला, उद्या विक्री. पण हे बशीचं लिहून वर पाठवलं तर पालच चौकशीत जाईल. सगळ्या शहराचे दाखले थांबतील. तुमचासुद्धा. किती दिवस, सांगता येत नाही."

कुमुदताईंच्या तोंडाशी 'लिहा' आलं होतं, पण घर एकट्या त्यांचं उरलं नव्हतं. त्यांनी अस्मिताकडे पाहिलं. चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसलेला एक म्हातारा दोघींच्याही डोळ्यांपुढे होता.

अस्मिताच्या हातांवर कालच्या चुन्याचे चट्टे अजून होते. ते चोळत ती म्हणाली, "बाबांनी वर्ष काढलं, आणखी महिना काढतील. पण काकू, त्या चौदांतलं घर पाडाले महिना नाही लागत."

"लिहा," कुमुदताई ठोसरांना म्हणाल्या. "माह्यं एकटीचं नको. विशेष तं अजिबात नको. चौदा घरं अन् हे पंधरावं, एका कागदावर लिहा. बशा कोणी ठेवल्या तेही लिहा."

ठोसरांनी पाटी मांडीवर घेतली. पहिलं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. शेवटी स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. आत पालीच्या शेपटीवरचा लाल ठिपका विझला. मंजुरीचा हिरवा लागला नाही.

तोवर कुमुदताईंनी निवळी बाटलीत भरून बूच घट्ट लावलं होतं. दोन्ही बशा पुसून, फडक्यात गुंडाळून त्यांनी त्या पिशवीत टाकल्या आणि गुडघ्यावर हात दाबत पायरी उतरल्या.

"चौदा पत्ते हायेत ना तुमच्याजवळ? चाला मंग."

ठोसर पाटीवरची यादी वर-खाली सरकवत राहिले. प्रत्येक घरापुढे तारीख होती, वेळ होती, शिक्का होता. त्यानंतर घराचं काय झालं, यासाठी रकानाच नव्हता.

"काय पाहून राहिले?" फाटक उघडून धरत कुमुदताईंनी विचारलं. "त्यातली उभी किती हायेत?"