कातरवेलीचा दाखला

शोधप्रकल्प-कक्षाच्या पडद्यावर एकेका शाळेचं काम उमटत होतं आणि यामिनी सामंतला खुर्चीत बसवत नव्हतं. कातरवेल नावाची वनस्पती तिने स्वतःच्या डोक्यातून काढली होती. सर्पदंशावर तिचा रस रामबाण, असं एक खोटं पान तिने इंटरनेटवर टाकलं होतं. मुलांनी शोधाशोध करावी, दुसरा आधारच सापडत नाही हे पाहावं आणि खोटं पकडावं, एवढाच प्रकल्प. मुलांनी काही पकडलं नाही. तेच पान आपापल्या शब्दांत उतरवून, वर वेलीची सुबक चित्रं काढून त्यांनी शाळेच्या संकेतस्थळावर लावलं. गुण मिळवायचे तर मुलं असंच करणार, हे तिला आधी सुचायला हवं होतं.

"तुझं पान काढलंस ना?" संगणकतज्ज्ञ फिरोज मुजावरने विचारलं.

"केव्हाच. तरी सत्यमापक कातरवेल खरी म्हणतोय."

"म्हणणारच. त्याला वेल कुठे बघता येते? एकच गोष्ट किती जण, किती ठिकाणी, वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, तेवढंच तो मोजतो. शेकडो शाळा हो म्हणतात. नाही म्हणणारी तू एकटी."

"अरे, पण ती मी रचली आहे."

"तेही एकच विधान झालं."

दवाखान्यांपासून घरोघरच्या फोनपर्यंत सगळे आता खरं-खोटं ठरवणाऱ्या या यंत्रणेलाच विचारत, आणि फोनवरचं बोलणंही ती तपासत असे. यामिनीने सत्यमापकाकडे खुलासा पुन्हा पाठवला आणि तो पुन्हा नाकारला गेला.

तेवढ्यात गुहागरहून भावजयीचा, रेवतीचा, फोन आला.

"वन्सं, ह्यांना बागेत साप चावला. घाबरू नका, कातरवेलीचा रस लावलाय. चित्रातल्यासारखीच वेल कुंपणावर मिळाली."

"रेवती, अशी वेलच नाही. दादाला आत्ताच्या आत्ता गाडीत घाल आणि रुग्णालयात ने."

"असं काय बोलताय? प्रत्येक शाळेने खाली मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव दिलंय. म्हणून तर मी निर्धास्त आहे."

"ते मुलांसाठी रचलं होतं गं. गाडी काढ आधी."

मध्येच सत्यमापकाचा शांत आवाज आला. हे बोलणं बहुसंख्य स्रोतांशी जुळत नाही, बोलणारी व्यक्ती तोतया असू शकते, असं त्याने सांगितलं.

यामिनी जिवाच्या आकांताने दादाचं नाव घेत राहिली.

"कोण बोलतंय?" रेवतीने विचारलं.